हीटरचा काही दोष नाही

२ नोव्हेंबर, शुक्रवार

हे बघ, आवाज चढवू नकोस. मी काही मोडलेलं नाही. मोडणं वेगळं, बंद करणं वेगळं. आणि बंद तरी काय केलं? चित्रं. फक्त चित्रं.

आता नीट ऐक, कारण तुझ्याशिवाय, म्हणजे या वहीशिवाय, कुणाला सांगता येणार नाही. गावच्या सहकारी घाण्यावर एक सर्व्हर आहे. ऑलिव्हची पोती आली की एवांथियामावशी काट्यावर वजन करते, नाव टाकते आणि आतल्या मोठ्या पडद्यावर नंबर लागतो. ज्याचा नंबर, त्याचाच माल घाण्यात. इथले लोक एक वेळ शेजाऱ्याच्या घरात मुलगी देतील, पण त्याच्या ऑलिव्हमध्ये आपले मिसळू देणार नाहीत.

सर्व्हर बसवला मावशीच्या मुलानं, थोमासनं. तो आता मालवाहू जहाजावर आहे. त्याच्यामागे सर्व्हरचा जबाबदार माणूस मी. (मीनासमामा संस्थेचा अध्यक्ष आहे, हा योगायोग.)

थोमासनं त्यावर खिडक्या, बटणं, मागे जहाजाचा फोटो असा सगळा थाट ठेवला होता. सर्व्हर म्हणजे काय लग्नाचा हॉल आहे? पात्रा शहरात कॉलेजात होतो तेव्हापासून माझं ठाम मत आहे: खरा सर्व्हर काळा असतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ग्राफिकल म्हणजे नुसती मेमरीची नासाडी. म्हणून आज सकाळी, ऐन गर्दीत (गर्दीतच खरी टेस्ट होते), एक ओळ टाइप केली: इथून पुढे कमांड लाइनवरच उघडायचं. रीस्टार्ट.

उघडला. सुंदर काळा. आणि विचारायला लागला, नाव काय, पासवर्ड काय.

पासवर्ड! आजवर तो काहीएक न विचारता उघडायचा, चित्रांसकट. नंबरांचा प्रोग्रामसुद्धा चित्रांच्या पाठोपाठ आपोआप सुरू व्हायचा. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. नोंद असू दे.

नेमका त्याच वेळी मावशीनं पायाशी हीटर लावला. दिवे जरा मंद झाले. सगळ्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग हीटरकडे पाहिलं.

मामा ओरडला, एवांथिया, बंद पाडलास ना घाणा तुझ्या त्या शेगडीनं! मावशी म्हणाली, अगं बाई, माझ्या हातून झालं का रे हे, अर्गिरी? आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी हो म्हणालो नाही. आमच्याकडे नकार देतात तशी हनुवटी वर करून नाहीही म्हणालो नाही. मी म्हणालो, बघतो.

३ नोव्हेंबर, शनिवार

पासवर्ड शोधण्याची शास्त्रीय मोहीम. थोमासचं नाव, जहाजाचं नाव, त्याच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव. नाही.

आत कुरुक्षेत्र. नंबर खडूनं भिंतीवर लिहितायत, आणि खडू ज्याच्या हातात त्याचा नंबर पहिला. दोन साडू एकमेकांना म्हणाले, तुझा बाप पण असाच रांग मोडून जन्माला आला होता.

दुपारी मावशी पालक भरून भाजलेली पोळी घेऊन आली. म्हणाली, माझ्यामुळे तुला सुट्टीचं बसावं लागतंय, खा बाळा, कडेचा कुरकुरीत तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. मी तोंड उघडलं. तिनं त्यात तुकडा घातला.

संकल्प: सोमवारी सांगणार. भरल्या तोंडानं गंभीर गोष्टी बोलू नयेत.

५ नोव्हेंबर, सोमवार

सोमवार सांगायला वाईट दिवस. लोक आधीच चिडलेले असतात.

त्यात म्हाताऱ्या पोलिदोरोसची पोती पडून पडून आतून तापली. शुक्रवारपासून तो पोत्यांवर बसून होता, कुणी हलवू नये म्हणून. आज त्याचा नंबर लागला तर पोत्यात हात घालवत नाही इतकं गरम. तेल निघालं, पण आंबूस. त्यानं बोट बुडवलं, चाटलं आणि थुंकलं. ते तेल जर्मनीला मुलीकडे जायचं होतं. काट्याच्या खोलीत जाऊन तो मावशीला म्हणाला, तुझे पाय शेकायचे म्हणून माझी झाडं वर्षभर राबली होती का गं?

मावशीनं स्वतःच हीटरची वायर गुंडाळली आणि हीटर मामाच्या हातात दिला. मामानं कपाटात घालून कुलूप लावलं.

मी तिथंच होतो. केबल तपासत होतो. केबलमध्ये दोष आढळला नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

थोमासचं जहाज बंदराला लागलं. फोन लागला. खरं तर शुक्रवारीच निरोप टाकता आला असता, पण मला त्याला समुद्रात ताण द्यायचा नव्हता.

म्हणालो, करंटमुळे सर्व्हर पासवर्ड मागतोय. तो म्हणाला, अर्गिरी, करंट जातो आणि येतो. करंट ग्राफिकलचं कमांड लाइन करत नाही. ते कुणालातरी बसून टाइप करावं लागतं. 

मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये.

तो म्हणाला, छान येतोय. आईला तू सांगणार की मी सांगू? रविवारी तिला फोन करतो मी. तोपर्यंत तुझा वेळ.

पासवर्ड दिला. "आईजेवलीसका". सगळं सलग. दर रविवारी फोनवर तो पहिलं हेच विचारतो म्हणे.

म्हणजे आत जायचं तर दर वेळी मला हे टाइप करावं लागणार. मुद्दाम केलंय त्यानं. पण पासवर्ड तर काही वर्षांपूर्वीच ठेवलेला. तरी मुद्दामच.

७ नोव्हेंबर, बुधवार

विजय!

आईजेवलीसका. आत गेलो. एक ओळ: ग्राफिकलवर ये. जहाजाचा फोटो आला, पाठोपाठ नंबरांचा प्रोग्राम. आतून टाळ्या. माझं जुनं मत, की चित्रांनाही त्यांची जागा असते, सिद्ध झालं.

भट्टीवर भाजलेला पहिला पाव, वर ताजं हिरवं तेल आणि मीठ, मला दिला. द्यायला उठला कोण, तर पोलिदोरोस. म्हणाला, एकानं बिघडवलं, एकानं सावरलं. पाव चांगला होता.

मावशी बोटं कापलेले लोकरीचे हातमोजे घालून नाव टाकत होती. बोटं जांभळी. मी म्हणालो, मावशी, काम जमत नसेल तर घरी का नाही बसत? (भूमिका तयार करत होतो. इथून पुढे हीटरवर, तिथून सत्यावर यायचं होतं.) ती म्हणाली, घरी बसले तर कोण येणार माझ्याकडे? काट्यावर बसले की सगळा गाव पोती घेऊन येतो. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा गुडघा बदलला, सगळं मला आधी. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, तू नसतास तर मला मेल्यानंतरही लोकांनी शिव्या घातल्या असत्या.

हात बर्फासारखे होते. सत्यापर्यंत पोचलो नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार

वादळ. सगळ्या गावाची वीज गेली, तासाभरानं आली. सर्व्हर उठला. काळा.

थोडक्यात तांत्रिक बाब, फक्त तुझ्यासाठी. दोन ओळी असतात. एक म्हणते, आत्तापुरतं ग्राफिकलवर ये. दुसरी म्हणते, दर वेळी तिथंच उघड. काल मी पहिली दिली. दुसरी द्यायची राहिली, म्हणजे शुक्रवारचाच हुकूम अजून चालू होता. तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

आता अडचण बघ. हीटर सोमवारपासून कपाटात कुलपात. पोलिदोरोस कपाटाकडे बघतोय, पडद्याकडे बघतोय. म्हणाला, आता रे? आता कुणी शेकले पाय?

देवानं ताटात वाढून दिलेली संधी होती. नुसतं म्हणायचं होतं, बरोबर, हीटरचा काही दोष नाही. दीर्घ श्वास घेतला आणि माझ्याच कानांनी ऐकलं, मी सांगत होतो की हीटरमुळे वायरिंगमध्ये आतून एक अशक्तपणा येतो, तो मागाहून दिसतो. तापानंतर माणसाला येतो तसा.

सगळ्यांना पटलं. मलासुद्धा क्षणभर पटलं. मावशी म्हणाली, अरे देवा, अजून किती दिवस निघणार माझं हे?

आईजेवलीसका. दोन्ही ओळी दिल्या. आता कायमचं ठीक.

नंतर दुकानातून लोकरीचे मोजे आणून तिच्या खुर्चीवर गुपचूप ठेवले. ही एक प्रकारची कबुलीच आहे. तिनं मोजे घातले आणि सगळ्यांना सांगत सुटली की पोलिदोरोस मनानं वाईट नाही, बघा, मोजे ठेवून गेला.

१० नोव्हेंबर, शनिवार

कबुलीचा मसुदा.

पहिला: मावशी, मी ओळ टाइप केली. (फार तांत्रिक.)
दुसरा: मावशी, सर्व्हरमध्ये एक बदल झाला होता. (बरा.)
तिसरा: मावशी, काळाबरोबर बदल होतच असतात. (उत्तम, पण कबुली निघून गेली.)

मग विचार केला, घाई का? उद्या थोमास सांगणारच आहे. मुलाच्या तोंडून कळलं तर तिला कमी लागेल. मध्ये पडणारा मी कोण? या विचारानं खूप हलकं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवलो.

मावशी भेटली. म्हणाली, उद्या संत मीनासचा दिवस, मेणबत्ती लावणार आहे. हरवलेलं, लपलेलं सगळं तो दाखवतो. माझं कर्णफूल नाही का दाखवलं पिठाच्या डब्यात? त्याला विचारणार, खरंच मीच केलं का ते एकदा दाखव, म्हणजे झोप तरी लागेल.

मामाचं नाव त्याच संताचं, म्हणून उद्या त्याचाही नामदिवस. सगळा गाव घरी येणार. मीही जाणार. थोमासचा फोन दुपारी, संताची मेणबत्ती सकाळी. मला काही करावंच लागणार नाही.

११ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
मामाच्या बाथरूममध्ये, टबाच्या कडेवर

कुणीतरी दार वाजवतंय. वाजवू दे.

गावातले सगळे आलेत. मामी बदामाचे लाडू फिरवतेय. मी कोपऱ्यात, मावशी आली की नजर कशी ठेवायची याची तयारी करून बसलेला. आली. माझ्याकडे बघून हसली. रोजच्यासारखीच. मग सगळ्यांसमोर मामाला म्हणाली, तुझं शंभर वर्षं आयुष्य होवो, मीनास, आणि ही घे. काट्याच्या खोलीची किल्ली. म्हणाली, थोमासला विचारलं मी. शिकलेला आहे, जहाजावरची सगळी मशीन तोच बघतो. त्यानं सांगितलं, हीटरच होता, आई. आता बास. मी लेकीकडे जाते, कालामाता शहरात.

मामा म्हणाला, अगं, सणाच्या दिवशी असलं बोलत बसू नकोस, लाडू घे. पण किल्ली खिशात टाकली.

मी इथं येऊन फोन पाहिला. थोमासचा निरोप: आईला सांगितलं हीटरच होता. आता तू तोंड उघडू नकोस. त्या थंडीत बसू नको म्हणून किती वर्षं ओरडतोय, ऐकत नव्हती. आता ऐकलं. तुझे उपकार झाले, अर्गिरी.

उपकार!

म्हणजे थोमास सांगणार नाही. संतानं मेणबत्ती घेतली आणि तोही गप्प. मामा खूश, पोलिदोरोस खूश, मी सुटलो. सगळ्यांचं भलं झालं. फक्त तिच्याकडे उद्यापासून कुणी पोती घेऊन येणार नाही.

बसून शोधतोय, आणखी कोण सांगू शकेल. कुणी सापडत नाही.

ओळ एकच आहे. हीटर नव्हता, मी होतो. बोलायचं आणि थेट बाहेर. कोट आतल्या पलंगावर आहे, त्यावर गावभरचे कोट. राहू दे.

तोच दिवस, थोड्या वेळानं, रस्त्यावर

बोललो. बैठकीच्या दारात उभा राहून, मोठ्यानं. हीटर नव्हता, मी होतो! सगळ्यांना वाटलं मामासाठी काहीतरी बोलतोय. ग्लास वर झाले. मामा म्हणाला, तुझंही आयुष्य वाढो, पोरा!

मावशी त्या खोलीत नव्हतीच. 

मागच्या अंगणातून वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. एकटी उभी राहून सगळ्यांच्या बशा विसळत होती. मी म्हणालो, मावशी, शुक्रवारी मी टाइप केलं. गुरुवारीही खोटं बोललो. थोमासही खोटं बोलला. मोजे मी आणले. हे शेवटचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

तिनं नळ बंद केला. हात पुसले. तोंड उघडलं.

मी पळालो.

थंडी फार आहे. मागून हाका येतायत, बाईचा आवाज आहे, बहुतेक कोटाबद्दल असेल. थांबत नाही. वही बंद.