स्टार्टरची बारीक वायर

प्रिय वरद,

फोनवर आण्णा शेजारीच बसलेले असतात, म्हणून मी दर वेळी 'सगळं ठीक' म्हणते. आत्ता दुपारचे जरा झोपलेत, तेवढ्यात लिहून घेते.

होळीनंतर आपली फियाट बंद पडली. चावी फिरवली की नुसतं 'टक्', पुढे काही नाही. आण्णा रोज खाली जाऊन बसायचे, टक् ऐकायचे आणि वर येऊन न जेवता पडून राहायचे. शेवटी गॅरेजवाल्या कोंडाजीने स्टार्टर काढून दिला. चाळीस वर्षं चालून आतले ब्रश झिजले होते, वाइंडिंग जळलं होतं. नवा मिळेना. मग ते सहा-सात किलोचं धूड कापडी पिशवीत घालून मी शाळा सुटल्यावर उल्हासनगरला मोटारी रिवाइंड करणाऱ्या झामनदासकडे नेलं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "दीदी, आता दहा साल बघायला नको." खांदा अजून दुखतोय.

कोंडाजीने स्टार्टर बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आण्णा कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "चल तेजू, बदलापूरपर्यंत जाऊन येऊ." हात अगदी पूर्वीसारखे स्थिर. गिअर, इंडिकेटर, सगळं वेळच्या वेळी. मलाही वाटलं, उगाच घाबरत होते मी.

सोनिवलीच्या अलीकडे त्यांनी गाडी भर रस्त्यात थांबवली. मागून हॉर्न वाजायला लागले. माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठे सोडू?"

मला हसू की रडू कळेना. म्हटलं, "अंबरनाथ पूर्वेला सोडा." त्यांनी मला बरोब्बर आपल्या फाटकापर्यंत आणलं, एक वळण चुकले नाहीत. उतरताना मी 'आभारी आहे' म्हटलं, वरद. आपल्या बापाला. रात्री जेवताना पुन्हा तेजू म्हणून हाक मारली, भात वाढ म्हणाले. दुपारचं त्यांना काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीला गुपचूप बोलावून घेतलं. त्याने स्टार्टरची एक बारीक वायर काढून ठेवली. परत जोडायला दोन मिनिटं लागतात म्हणाला, आणि माझ्याकडे न बघताच गेला. आता आण्णा रोज सकाळी चावी फिरवतात आणि मी रोज सांगते, पार्ट यायचाय. ते म्हणतात, "येईल गं, तू नको धावपळ करू." असं म्हणाले की मला तोंड लपवावंसं वाटतं.

तुला वाटेल, ताईने गाडीचीच कहाणी लिहिलीय. तसं नाही. गेल्या महिन्यात दोनदा ते पायीच बाहेर पडले. एकदा दूधवाल्याने आणून सोडलं. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावते, उशाशी किल्ली घेऊन पडते आणि झोप येत नाही. वर्गात फळ्यासमोर उभी असताना डोळे मिटतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, ते मी फोनवर तुला सांगू शकले नाही. यातून ते बरे होणार नाहीत. मी एकटीने आजवर निभावलं, पण आता खरंच दमले रे. बंगळुरूहून दोन दिवसांसाठी येऊन, त्यांना पेढे देऊन जाऊ नकोस. राहायला ये. परतीचं तिकीट काढू नकोस.

तुझीच,
तेजलताई