चार नंबरच्या रोलरचा फळा

प्रिय धाकट्या,

वर्षभर तुला इतक्यांदा 'साहेब' म्हटलंय, की 'धाकट्या' लिहिताना हात जरा अडखळलाच. लाँड्रीत मी तुला 'अहो' म्हणते, तू मला 'बाई' म्हणतोस, आणि आपण सख्खे बहीणभाऊ आहोत हे माहीत असूनही सगळे माहीत नसल्यासारखं वागतात. तू मॅनेजर होऊन आलास तेव्हा आपलं तसं ठरलंच होतं. पण हे पत्र इस्त्री विभागाची सुपरवायझर लिहीत नाहीये. तुझी ताई लिहितेय, आणि भयंकर रागात लिहितेय. चहा घेऊन बस, शेवटपर्यंत वाच आणि मध्येच फोन बघू नकोस.

काल चिमणीला भेटायला हॉस्पिटलात गेले होते. चिमणी म्हणजे चादरींना इस्त्री करणाऱ्या चार नंबरच्या रोलरवरची, ठेंगणी, सतत बडबडणारी. तुझ्या कागदांत तिचा नुसता नंबर असेल, म्हणून सांगितलं. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. बोटं वाचलीत, पण मूठ वळेल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. मला म्हणते कशी, "ताई, आता चादरींच्या घड्या दातांनी घालू का?" आणि स्वतःच हसली. तिचा नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला काही हसू आलं नाही. तुझं नाव तिथे कुणी काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तू यायच्या आधी प्रत्येक मशीनजवळ एक छोटा फळा असायचा, आठवतो? पाळी संपवून जाणाऱ्याने मशीनची तब्येत त्यावर लिहायची. पट्टा सैल आहे, वाफ गळतेय, जे असेल ते. नवीन पाळीवर येणाऱ्याने ते वाचायचं आणि तळहाताने पुसायचं. फडक्याने नाही, तळहाताने. खडूने पांढरा झालेला हात मला दाखवल्याशिवाय मी कुणाला मशीन सुरू करू देत नसे. मग हात धुवायचा आणि कामाला लागायचं. फिटर मला चिडवायचा, "बाई मागच्या जन्मी शाळेत होत्या, आम्ही नापास झालेली पोरं." चिडवू दे. वाचलं की नाही, हे मला त्या हातांवरून कळत होतं.

ते फळे तू उतरवलेस. पाहुण्यांना बरे दिसत नाहीत म्हणालास. मशीनवर कागद चिकटवायचा नाही, पाटी टांगायची नाही, सगळा निरोप फोनवरच्या एकाच ग्रुपवर. त्या दिवशी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून तू किती छान बोललास! मला अभिमानच वाटला होता, खोटं कशाला बोलू? आणि त्याच महिन्यात तू दुसरा नियम काढलास, की कामाच्या जागी फोन आणायचा नाही, कपाटात कुलूप लावून ठेवायचा. धाकट्या, हे दोन नियम कधी शेजारी ठेवून वाचलेस का रे? निरोप फोनवर आणि फोन कपाटात! मी तुझ्या केबिनमध्ये येऊन सांगितलं, जिन्यात गाठून सांगितलं. तू म्हणालास, "बाई, तुमची सूचना ॲपवर टाका." टाकली. 'तुमची सूचना आमच्यासाठी मोलाची आहे' असं उत्तर लगेच आलं. इतक्या लगेच, की ती कुणी वाचली नाही हे मला तेव्हाच समजलं. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

त्या दिवशी तुझा वाढदिवस होता. सकाळच्या पाळीच्या शेवटी फिटरला दिसलं, की चार नंबरची सुरक्षापट्टी काम करत नाहीये. हात लागला की रोलर थांबवते ती पट्टी. त्याने मशीन बंद केलं, कपाटातून फोन काढून ग्रुपवर 'चार नंबर चालवू नका' असं लिहिलं आणि सुटा भाग आणायला स्टोअरमध्ये गेला. एरवी त्याने फळ्यावर लिहिलं असतं. चिमणी आली, तिने नियमाप्रमाणे फोन कपाटात ठेवला आणि मशीन बंद दिसलं म्हणून रोजच्यासारखं सुरू केलं. पाळी बदलताना मशीन बंदच असतं. मी दुसऱ्या टोकाला ओल्या चादरींची गाडी उतरवून घेत होते. तिची किंकाळी ऐकून धावले.

फिटरने नंतर मला ग्रुप दाखवला. त्याच्या निरोपाच्या वर केक, खाली फुगे, त्याखाली 'साहेबांना उदंड आयुष्य'. तुझ्याच ऑफिसातल्या कुणीतरी न वाचता त्या निरोपालाही अंगठा दिला होता.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. तू हॉस्पिटलात गेला नाहीस. ग्रुपवर फुलांचा गुच्छ टाकलास, 'लवकर बऱ्या व्हा'. चौकशी होईपर्यंत तिने कामावर येऊ नये, हेही तू त्याच ग्रुपवर टाकलंस! सगळ्या लाँड्रीने वाचलं, पाणी भरणाऱ्याने वाचलं, आणि तिच्या नवऱ्याला ते शेजाऱ्याने सांगितलं. आता तुझा अहवाल म्हणतो, की सूचना अधिकृत माध्यमातून वेळेवर दिली होती, कामगाराने ती वाचण्याची तसदी घेतली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! हा ठपका राहिला तर तिची नोकरी जाईल आणि उपचारांचा खर्चही तिच्याच माथी बसेल, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

बाबा आठवले. ते बसच्या डेपोत होते तेव्हा काकांना अपघात झाला. काकूच्या घराशेजारच्या दुकानात फोन होता, सगळे म्हणाले तिथे कळवा. बाबा म्हणाले, "तिला हे दुकानदाराकडून कळायचं नाही." अंगावरचा खाकी ड्रेसही न बदलता निघाले. त्यांचं बोट धरून तूही गेला होतास. काकू दार उघडून बाबांकडे बघत राहिली आणि बाबांनी आधी तिला खाली बसवलं, हे तूच मला घरी येऊन सांगितलं होतंस. त्याच माणसाचा मुलगा आहेस तू. म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दुसरा कुणी मॅनेजर असता तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि झोपले असते.

आता का लिहितेय ते सांगते. गुरुवारी मुख्य कार्यालयाचे लोक चौकशीला येताहेत आणि त्यांनी साक्षीला मला बोलावलंय. हे त्यांनी तुला अजून कळवलेलं नाही. मी सगळं सांगणार आहे. फळे कुणी उतरवले, फोन कुणी कपाटात ठेवायला लावले, मी कुणाला किती विनवलं, सगळं. यात तुझी खुर्ची जाऊ शकते, हे समजून सांगणार आहे. चिमणीला मी अजून सांगितलेलं नाही, फिटरलाही नाही. पहिलं तुला सांगतेय, कारण तिथे सगळ्यांसमोर माझ्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकावं लागावं, असं तू माझं काही वाकडं केलेलं नाहीस. मधे अजून वेळ आहे. चिमणीकडे जा, आणि गुरुवारी माझ्या आधी तू बोल. बोललास तर मी तुझ्या शेजारी बसेन. नाही बोललास, तर तुझ्या समोर बसेन, आणि एक शब्दही गाळणार नाही.

तुझीच,
ताई