शेवटचा शॉट कापू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सिनेमा दिग्दर्शन, हे मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. कोणाचाही दबाव नाही, असं पुढे लिहायची पद्धत आहे. दबाव आहे. तो टेबलाच्या पलीकडे जबडा आवळून बसला आहे आणि तो माझा मुलगा आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही, असा अर्ज त्याने कोर्टात केला आहे. उद्या सुनावणी. निकाल त्याच्या बाजूने लागला तर माझा शेवटचा सिनेमा, ज्याचं संकलन अजून चालू आहे, त्याच्या ताब्यात जाईल आणि त्यातला शेवटचा शॉट तो कापेल. म्हणून ही घाई. डॉक्टर आणि वकील हजर आहेत.

कलम एक. घर मुलाला. भांडण त्याच्याशी आहे, त्याच्या डोक्यावरच्या छपराशी नाही.

कलम दोन. सगळ्यात मोठ्या पुरस्काराची मूर्ती धाकट्या बहिणीला. नोकरीला लाथ मारून मी स्टुडिओत दिवे ओढायला गेलो, तेव्हा घरात सगळ्यांनी बोलणं टाकलं. ती एकटी म्हणाली, "दादा, जा. पण तोंड पाडून परत येऊ नकोस." मूर्ती मिळाल्यावर आधी तिला नेऊन दाखवली. "पुसायला अवघड आहे रे," म्हणाली. आता पूस म्हणावं.

कलम तीन. डोळ्याला लावून चौकट ठरवायचं माझं भिंग त्या समीक्षकाला, ज्याने माझ्या पहिल्या सिनेमावर "दिग्दर्शकाला कॅमेरा कुठे ठेवावा हेच कळत नाही" असं छापलं. त्याच सिनेमाला पुरस्कार मिळाला तेव्हा हेच गृहस्थ पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते. त्यांनी यातून एकदा तरी बघावं.

कलम चार. शेवटचा सिनेमा, सर्व हक्कांसह, मुलीला. संकलन तीच करते आहे. शेवटच्या शॉटमध्ये एक म्हातारा दोरीवरचे कपडे काढतो, घड्या घालतो, बायकोचा गाऊन तेवढा दोरीवरच ठेवतो आणि आत जातो. संवाद नाही, संगीत नाही. मुलगा म्हणतो, लोक उठून जातील. जाऊ देत. माझी बायको गेली तेव्हा तिचा गाऊन मला दोरीवरून काढवेना. हा शॉट कापला तर मी तिला दुसऱ्यांदा गमावीन.

कलम पाच. हे मी मोठ्याने वाचत लिहितो आहे, मुलाने ऐकावं म्हणून. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मध्यंतरी संकलनाच्या खोलीत बसून मी मुलीला विचारलं, "हा सिनेमा कोणाचा गं?" ती उठून बाहेर गेली. असं पुन्हा होईल. एखाद्या दिवशी मीच तिला सांगेन, हा शॉट काढून टाक, कंटाळवाणा आहे. त्या दिवशी तिने माझं ऐकू नये. मी ओरडलो, रडलो, बाप म्हणून शपथ घातली तरी ऐकू नये. मुलाच्या अर्जाहून मला या दिवसाची जास्त भीती वाटते.

वकील म्हणाले, "साहेब, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावरच लागू होतं."

मी म्हटलं, "शॉट काढ म्हणेन, त्या दिवशी मी गेलेलाच असेन."

मुलाने विचारलं, "बाबा, तुमचं विसरणं तुम्हाला कळत होतं?"

"तुझ्या आधीपासून."

त्याने साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितलं. वकिलांनी बजावलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. घर हातचं जाईल. आणि हे शुद्धीवर आहेत असं लिहून दिलंत, तर उद्याच्या अर्जात काय राहिलं?"

"पेन द्या," तो म्हणाला.

हे सर्व मी सहीपूर्वी इथे उतरवलं आहे.

ठिकाण: राहत्या घराची जेवणाची खोली
दिनांक: सुनावणीचा आदला दिवस
सही: दिग्दर्शक

साक्षीदार पहिला: डॉक्टर. तपासले. पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला.

साक्षीदार दुसरा: मुलगा. बाबांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीवर सही केली. शॉट लांबच आहे.