प्लास्टरचं शिखर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात (खाली आडवं व्हायला जागाच नाही, घरभर दोर पसरलेत). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही दोघं ठणठणीत, फक्त जेवायचं टेबल गेलं. त्यावर आता पर्वत बसलाय.

आमच्या ह्यांनी कवळ्यांच्या साच्यांसाठी आणलेलं सगळं प्लास्टर वापरून, मोहिमेबरोबर जे चढायला जायचंय ते शिखर उभं केलंय. (गिऱ्हाइकं दातांवाचून बसलीत, ते वेगळंच.) त्यावर लाल रेघ म्हणजे पश्चिमेचा कडा, निळी म्हणजे उत्तरेची धार, आणि मागे, भिंतीकडच्या बाजूला, पिवळी, दक्षिणेच्या खिंडीतून जाणारी. तिला हे 'बायकांची वाट' म्हणतात. स्वतः लाल रेघेनं चढणार! (माळ्यावरची बॅग अजून मीच काढते.) दवाखान्यातही तेच. पेशंटचा जबडा उघडा, ह्यांच्या हातात दाढ कोरायचं हत्यार आणि तोंडी पश्चिमेचा कडा. बिचाऱ्याला धड हो म्हणता येत नाही की नाही. त्यामुळे ह्यांना आजवर कुणी विरोध केलेला नाही.

परवा मोहिमेवाल्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर चाचणी ठेवली. मी गेले ती ह्यांचा डबा सांभाळायला. पहिल्या वळणापर्यंत ह्यांनी म्होरक्याला तिन्ही वाटा समजावल्या, दुसऱ्या वळणावर दम संपला. दगडावर बसून मला म्हणाले, "मी हवेचा अंदाज घेतोय. तू पुढे जाऊन त्यांना थांबायला सांग." गेले बापडी. ते थांबले, पण थेट माथ्यावर. म्होरक्यानं आधी डबा पाहिला, मग मला, आणि विचारलं, "तुम्हाला धाप नाही लागली?" खरंच नव्हती गं! धुण्याची बादली रोज गच्चीवर कोण नेतं? वर इतकं मोकळं वाटलं ताई, की मला चक्क रडू आलं. मग डबा आम्ही सगळ्यांनी मिळून फस्त केला. ह्यांना सांगितलं, सांडला.

ह्यांचं नाव कटाप झालं. म्होरक्याला डोंगरातलं काही कळत नाही, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत.

तुझी धाकटी

ता. क. रिकामी झालेली जागा मी घेतली. सोमवारी निघते, पिवळ्या रेघेनं. ह्यांना वाटतंय, मी तुझ्या गुडघ्यांसाठी तुझ्याकडे येतेय. फोन आला तर जरा कण्ह.

आणखी एक ता. क. मी खिंडीत पोचले की कळवीन. मग ह्यांना जेवायला बोलाव आणि खरं काय ते सांगून टाक. फक्त आधी मोठा घास घेऊ दे. तोंड भरलेलं असलं की माणूस विरोध करत नाही, हे मी ह्यांच्याच दवाखान्यात शिकले.