दोघींचा ज्वालामुखी

लान्झारोते,
९ जुलै २०२४

प्रिय मंदा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पोहोचून बारा दिवस झाले आणि पत्र आज लिहायला बसले आहे, तेव्हा पहिल्या दोन ओळी तू रागातच वाचणार, हे धरून चालले आहे. फोनवर सगळं सांगितलं असतं, पण फोनवरचं हवेत जातं, कागदावर लिही, ही तुझीच आज्ञा. सबा हसते. एवढ्या लांब आलीस आणि अजून मंदामावशीला घाबरतेस का, असं विचारते.

तुझी प्रश्नांची यादी समोर ठेवली आहे. बेट लांबीला साठेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघून लोणावळ्याला पोहोचावं तेवढंच. मालकी स्पेनची, पण आफ्रिकेचा किनारा जवळ. नदी एकही नाही आणि पाऊस नावापुरता. नळाला येतं ते मीठ काढलेलं समुद्राचं पाणी. घरं पांढरी, दारं-खिडक्या बहुतेक हिरव्या, आणि त्यांच्या पलीकडे नजर जाईल तिथवर ज्वालामुखीची राख. त्या राखेत खड्डे करून द्राक्षं लावतात आणि वारा लागू नये म्हणून एकेका वेलीला दगडांची अर्धगोल भिंत घालतात. राख काळी असते असं आपण शिकवलं. सकाळी आठला ती जांभळी दिसते गं. दुपारी गंजल्यासारखी.

बाहेरची माणसं दोन तऱ्हेची. एक, आठ दिवस येऊन समुद्रकाठी भाजून घेणारी. दुसरी, येऊन राहिलेली. त्यांत म्हातारे इंग्रज आणि जर्मन पुष्कळ, शिवाय सबासारखी घरी बसून संगणकावर नोकरी करणारी मुलं. राहायचं असेल तर थोडं स्पॅनिश यावं लागतं, रहिवासाचे कागद करावे लागतात आणि दुपारी दुकानदाराला उठवायचं नसतं. हे शेवटचं पुणेकराला शिकवावं लागणार नाही.

जावई अल्ताफ इथल्या हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळतो, त्यामुळे माझ्या खाण्याची काळजी करू नकोस. तुझ्या पासपोर्टवरच्या नावाची भानगड मिटली का ते कळव.

आठवण काढत राहा, मीही काढते.
तुझी,
कमरजहां

•

धायरी, पुणे
३ ऑगस्ट २०२४

प्रिय कमर,
सलाम, वि. वि.

तुझं पत्र पंचविसाव्या दिवशी पोहोचलं. चालत आणलं असावं.

वर्णन चांगलं आहे, पण माहितीला शिस्त नाही. राख जांभळी दिसते हे तुझ्या चित्रकलेच्या डोळ्याचं झालं. मला त्याचं कारण हवं. राखेतला खड्डा किती खोल, ते लिहायचं राहिलं. आणि तिथला मोठा उद्रेक १७३० साली सुरू होऊन सहा वर्षं चालला, हे तू लिहिलंच नाहीस. त्याच साली आपल्याकडे शनिवारवाड्याचा पाया घातला. मी शिकवत असते तर वर्गात असंच सांगितलं असतं, म्हणजे मुलं विसरली नसती.

पासपोर्टचं काम झालं. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, एवढ्यासाठी पासपोर्ट कचेरीतल्या साहेबांनी मला चार फेऱ्या घालायला लावल्या. पाचव्या खेपेला मी त्यांना विचारलं की तुमचा भूगोल कोणी घेतला होता. पासपोर्ट आठवड्यात आला. आता सबाचं निमंत्रणाचं पत्र आलं की व्हिसाला अर्ज करते. ऑक्टोबरची वीस तारीख धरून चालले आहे.

परवा कपाट आवरताना तुझा जुना तक्ता सापडला. ज्वालामुखीचा उभा छेद. मी महापालिकेच्या त्या शाळेत नवीन होते, फळ्यावर माझ्याच्याने शंकू नीट येईना, आणि तू न विचारता रंगपेटी घेऊन वर्गात आलीस. त्या संध्याकाळी आपण ठरवलं होतं की खरा ज्वालामुखी पाहायचा तो दोघींनी. एकतीस वर्षं मी न पाहिलेल्या गोष्टीवर शिकवत आले. तेव्हा तिथल्या अग्निपर्वताकडे माझ्याआधी फिरकू नकोस.

तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला भवानी पेठेत जाऊ म्हणत होते, पण शेजारी घालतात असं तू सांगितलं होतंस. तशी खात्री करून घे. शेजाऱ्यांचा काही नेम नसतो.

सबा-अल्ताफला आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून दाखव.
तुझी,
मंदा

•

लान्झारोते,
३० ऑगस्ट २०२४

प्रिय मंदा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पासपोर्टचं वाचून बरं वाटलं. त्या साहेबांची दया आली.

मात्र ऑक्टोबरात येऊ नकोस. सबाच्या मागच्या खोलीचं काम काढलं आहे. गवंडी इथेही सांगितलेल्या दिवशी येत नाही. शिवाय वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटतो, तेव्हा समोरचा डोंगरही दिसत नाही. तू एवढं येशील आणि धूळ पाहून परत जाशील. मार्च-एप्रिलमध्ये बघू. सबा सध्या कामात बुडालेली आहे, तिला निमंत्रणाच्या कागदांसाठी फोन करू नकोस. मी सवडीने तिच्याशी बोलेन.

खड्ड्याची खोली मोजली नाही. माणूस आत उभा राहिला की डोकं वर दिसतं, काही ठिकाणी तेही दिसत नाही.

प्रकृती जप. गुडघ्यांना तेल लाव.
तुझी,
कमर

•

लान्झारोते,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. मंदामावशीस,
सबाचा सलाम व जयभीम.

तुमची आणि अम्मीची पत्रं बघून मलाही कागदावर लिहावंसं वाटलं. मराठी लिहून खूप वर्षं झाली, चुका पोटात घाला.

मावशी, तुम्ही यायला नकार दिलात याचं आम्हां दोघांना फार वाईट वाटलं. अम्मी म्हणाली की तुमच्या गुडघ्यांमुळे डॉक्टर एवढा प्रवास नको म्हणाले आणि तुम्हीच तिला, घरात बसूनच बरं आहे, असं सांगितलंत. त्यांना आग्रह करू नकोस, त्यांना त्रास होतो, असं ती मला दोनदा म्हणाली, म्हणून फोन केला नाही. जूनपासून मागची खोली तुमच्यासाठी रंगवून ठेवली होती. आता अम्मीने तिथे चित्रांचं टेबल लावलं आहे.

अम्मीचे इथे राहण्याचे कागद गेल्या आठवड्यात आले. पुण्यातलं घर मे महिन्यात सोडताना ती रडली होती, पण आता रमली आहे. अग्निपर्वत तिला इतका आवडला की आल्या आठवड्यातच पाहिला आणि नंतर तीनदा जाऊन आली. दर वेळी मी म्हणते, मंदामावशी हव्या होत्या.

गुडघे बरे झाले तर विचार बदला. खोली पुन्हा रिकामी करू.

तुमची,
सबा

•

धायरी, पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

कमरजहां,

सबाचं पत्र मिळालं. तिच्यावर रागावू नकोस. तिला जे खरं वाटलं ते तिने लिहिलं.

पत्र वाचून मी भवानी पेठेत गेले. तुझ्या दारात दुसऱ्यांच्या चपला होत्या. शेजारचे मैनुद्दीनभाई बाहेर आले आणि म्हणाले की बाई तर मे महिन्यातच घर रिकामं करून गेल्या, तुम्हाला ठाऊक असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मी ठाऊक आहे म्हणाले. त्यांनी चहा दिला, तो प्यायले. बसने घरी येताना माझा स्टॉप चुकला आणि मी दोन स्टॉप पुढे उतरून चालत आले. तेवढं अंतर माझे गुडघे व्यवस्थित चालतात, हे डॉक्टरांना कळव.

तू विमानतळावर माझा हात धरून ऑक्टोबरात भेटू म्हणालीस, तेव्हा घर सोडून महिना झाला होता. पहिलं पत्र लिहिलंस तेव्हा डोंगर पाहून झाला होता. माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीचं तू गवंडीकाम काढलंस. हे सगळं कशासाठी, एवढंच विचारायचं आहे. मी आणखी काही विचारणार नाही.

मंदाकिनी

•

लान्झारोते,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय मंदा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सबानेही वाचलं. मीच तिच्या हातात दिलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अल्ताफ ताट वाढून ठेवायचा आणि मान खाली घालून निघून जायचा.

तू विचारलंस म्हणून सांगते. मला सफाई देता येणार नाही. घर सोडायचं मी फेब्रुवारीतच ठरवलं होतं; मेनंतरचा महिना नातेवाइकांकडे काढला. तुला सांगायला तीनदा धायरीला आले आणि तिन्ही वेळा तुझ्या हातची भाकरी खाऊन परत गेले. तुला सांगितलं असतं तर तू मला चूक कुठे होते आहे ते समजावलं असतंस आणि मला ते पटलं असतं. आजवर असंच होत आलं आहे.

आपण वेरूळला गेलो होतो ते आठवतं का? मी एका खांबापाशी वही काढून बसले, आणि तू म्हणालीस की सगळी लेणी बघायची तर इथे पाच मिनिटं. तुझं बरोबर होतं, आपली सगळी लेणी बघून झाली. तो खांब मात्र माझा अर्धाच राहिला. तक्ता मी काढला आणि वर्गात त्यावर छडी ठेवून बोललीस तू. मला त्याचा राग नव्हता. मला ते आवडायचंही. पण इथे आल्यावर आठवडाभरात सबा मला त्या डोंगरावर घेऊन गेली. तिथल्या माणसाने जमिनीखालची गरम खडी माझ्या हातात दिली. तिथे उभी असताना मनात आलं की मंदा आली की हा डोंगर तिचा होईल. ती मला त्याचं सगळं सांगेल. एक जागा अशी असावी जिथे मंदा माझ्याआधी पोहोचलेली नाही, असं वाटलं, आणि घरी येऊन तुला पत्र लिहिताना मी ते लपवलं. एक लपवलं की पुढची आपोआप लिहिली जातात.

तुझ्या नावाने नकार मी दिला. सबाला खरं सांगायची लाज वाटली. त्याला दुसरं कारण नाही.

खोलीतलं टेबल मी आजच बाहेर काढलं आहे. तू येशील असं म्हणायचं तोंड नाही. तरी काढलं आहे.

माफ कर असंही कसं लिहू. आठवणीत ठेव, वाईट म्हणून का होईना.
तुझी,
कमर

•

लान्झारोते,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय कमर,

वर गावाचं नाव वाचून दाराकडे बघू नकोस. हे पत्र मी इथल्या टपालपेटीत टाकून उद्या सकाळच्या विमानाने निघते आहे. तुला मिळेल तेव्हा मी धायरीत असेन.

भाची चैतालीने व्हिसा, हॉटेल सगळं केलं. बेटाच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठी आठ दिवस राहिले, तू म्हणतेस त्या भाजून घेणाऱ्या मंडळींत. सबाने घरी या म्हणून दोनदा कळवलं होतं. आले नाही. तिचा यात दोष नाही, तिला सांग.

अग्निपर्वत गुरुवारी पाहिला. तिथल्या माणसाने जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओतलं, आणि पाण्याची वाफ होऊन ती फवाऱ्यासारखी माणसाच्या दुप्पट उंच उडाली. सगळे मागे सरकले. मी सरकले नाही. ती वाफ का उडते हे सांगायला मी उजवीकडे वळले, तर तिथे एक आयरिश बाई होती. मग तिलाच इंग्रजीत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तुम्ही शिक्षिका होता का, असं विचारलं. मी हो म्हणाले आणि एका दगडावर जाऊन बसले. एकतीस वर्षांनी डोंगर समोर होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. बस सुटायच्या वेळी ड्रायव्हरला येऊन बोलवावं लागलं.

काल रविवारचा मोठा बाजार पाहायला हॉटेलवाल्यांनी नेलं. तिथे चर्चजवळच्या कट्ट्यावर तू दिसलीस. मांडीवर वही होती आणि समोर एक म्हातारं जोडपं, बहुधा जर्मन. तू त्यांना डोंगराचं सांगत होतीस. अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी, उरलेलं हातांनी. उद्रेक सात वर्षं चालला असं सांगितलंस. मी टोपल्यांच्या दुकानाआड होते. सहा वर्षं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तीस-बत्तीस वर्षांत तुला सलग एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. शाळेत, सहलीत, माझ्या घरी, कुठेच नाही. तो म्हातारा मधे काही विचारू लागला तर तू त्याला हाताने थांबवलंस आणि आपलं वाक्य पुरं केलंस. मला तू माझ्याच घरातली, पण कधी न भेटलेली कोणी वाटलीस. मग हाक मारण्याऐवजी मी बसकडे गेले.

तू लिहिलंस त्यात खरं आहे. वेरूळचा खांब मला आठवला, आणि आणखीही चार-पाच ठिकाणं आठवली जी तू लिहिली नाहीस. ते माझ्याकडे लागतं. पण राग गेलेला नाही, कमर. डोंगर आधी पाहिलास, घर सोडलंस, हे मी एक दिवस गिळेन. मात्र मी न बोललेला नकार तू माझ्या तोंडी घातलास, माझ्या लाडक्या मुलीपाशी, आणि तिने कित्येक महिने मला तशी बाई समजलं, जिला मैत्रिणीपेक्षा घरात बसणं बरं वाटतं. हे मला उमगत नाही. मी तुला आयुष्यभर बोलू दिलं नाही हे कबूल. तू माझ्या वतीने बोललीस, आणि तेही खोटं.

तुझं पत्र आलं तर मी उघडेन. उत्तर कधी देईन ते ठाऊक नाही. टेबल खोलीत परत लाव, तिथे उजेड चांगला येत असेल.

लोभ आहे. वाढावा, असं आज लिहवत नाही.

मंदाकिनी