गणपती बंद, माणसं चालू

२ जुलै १९९६, सकाळी सहा
आजपासून गणपती बंद. पेणला बसून एक्केचाळीस वर्षं गणपतीचे डोळे काढले. तेच साचे, तीच सोंड, बदल झालाच तर पितांबराचा रंग. सॅटिसफॅक्शन शून्य. सातवी नापास असलो तरी आत कलावंत आहे. यापुढे फक्त माणसांचे पुतळे.
सून मालू म्हणाली, "मामंजी, सीझन तेवढा जाऊ द्या." कारखान्यात सहाशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या आहेत. मी म्हटलं, कलेला सीझन नसतो. डोळ्यांचा ब्रश तिच्या हातात दिला. तीन दिवसांत रडत येतील.

५ जुलै
कोणी रडत आलं नाही. कारखान्यात रेडिओ चालू. हसणंही ऐकू आलं. दारात सहज उभा होतो. बायको, म्हणजे गिरजा, म्हणाली, "अहो, आत तरी या नायतर भायेर तरी जा. उजेड अडतोय."


८ जुलै
पहिली ऑर्डर! कासू गावचा गुणाजी. वडील महिपती गेल्या साली वारले. अठ्ठावीसला वर्षश्राद्ध, तेव्हा ओटीवर अर्धपुतळा बसवायचा आहे. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. महिपती मागच्या रांगेत, अर्धं तोंड नवऱ्याच्या मामाच्या फेट्याआड. मी म्हटलं, अर्ध्यावरून अख्खा माणूस काढतो तोच आर्टिस्ट. स्वभाव विचारला. गुणाजी म्हणाला, "बघायचा मारक्या रेड्यासारखा. बाकी बरा व्हता." टिपून ठेवलं.

१४ जुलै
काम जोरात. पोट किंचित मोठं झालं. अर्धपुतळ्याला पोट लागत नाही हे नंतर लक्षात आलं. कापलं.

१५ जुलै
कान पसरले. तासले. जेवून येऊन बघतो तर मीच परत लावलेले. मातीचा दोष. पावसाळ्यात शाडू ऐकत नाही.

१९ जुलै
रोह्याचा व्यापारी माल बघून गेला. मालूच्या मूर्ती बघून म्हणे, "यंदा बाप्पा बोलंल असा वाटतोय." म्हणजे एक्केचाळीस वर्षं मुका होता काय? खिडकीच्या उजेडाचा परिणाम. ती खिडकी मीच भिंतीत पाडून घेतली होती. हे कोणी बोलत नाही.
ठरवलं : या गोष्टीची नोंद घ्यायची नाही.

२४ जुलै
आज महिपतीचे डोळे. एका बैठकीत. पुतळा जिवंत झाला! गिरजा चहा घेऊन आली, पुतळा बघून पदर सावरला आणि हात जोडले. मग दचकून म्हणाली, "मेलेला मानूस एवढा खुशीत कशाला हाय हो?"
घरातलेच जळतात.

२८ जुलै, संध्याकाळ
कासूचा प्रोग्रॅम झाला. भाताची लावणी टाकून लोक आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. गुणाजीने चादर ओढली. सगळे माना पुढे काढून बघू लागले. मला वाटलं, इम्प्रेस झाले. तेवढ्यात मागून कोणी म्हातारा ओरडला, "मोरया!" गुणाजीच्या चुलत्याने विचारलं, सोंड घरी ऱ्हायली काय.
महिपतीची बायको शांती पुढे आली. पुतळ्याच्या डोळ्यांत वाकून बघितलं. मग म्हणाली, "चाळीस वर्सांत त्यांनी माझ्याकडं येवढ्या मायेनं एकदा पन बघितलं नाय. ह्ये आमचं नव्हं."
मी समजावलं, आर्टिस्ट आतला माणूस दाखवतो. गुणाजी मला म्हणाला, "आबा, आतला तर आनखी वायट व्हता."
फोडून टाकतो म्हणाला. शांतीने त्याचा हात धरला. "डोळं उघडल्यावर फोडतात काय रं? चवथीपर्यंत ठेव, मंग घालू पान्यात." मी निघाल्यावर ती पुतळ्यासमोर बराच वेळ बसून होती, असं मागून आलेल्या एकाने एस.टी.त सांगितलं. म्हणजे काम अगदीच फेल नाही.

३१ जुलै
दुसरी ऑर्डर नाही. झोप नाही. विचार केला, चतुर्थी दीड महिन्यावर, बायकामाणसं एवढं काम कसं निभावणार? मोठं मन करून उद्यापासून डोळ्यांना बसायचं. पुतळे फावल्या वेळात.

१ ऑगस्ट
आंघोळ करून खिडकीपाशी गेलो. माझ्या जागेवर मालू. उठली नाही. हळूच म्हणाली, "मामंजी, व्यापाऱ्यांनी ह्येच डोळे मागितलेत. दुसऱ्या हाताचे असले तर माल परत येल."
दुसरा हात म्हणजे मी.
गिरजाकडे बघितलं. ती पितांबर रंगवत होती. मालूने ब्रश दिला, पण जाडा. म्हणाली, "उंदीर रंगवाल काय?"

४ ऑगस्ट
उंदरांचं डिपार्टमेंट पूर्ण माझ्याकडे आलं आहे. उंदीर या विषयाकडे आजवर कोणी गंभीरपणे बघितलेलं नाही. केवढा स्कोप आहे! डोळे मालू काढते, अंग गिरजा. शेपटी माझी. शेपटीत सगळी लय असते.
आज बासष्ट शेपट्या झाल्या. अकरा मालूने पुसून परत पाठवल्या.