पान सत्तेचाळीस, चित्र ब

२ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. मी काही विसरत नाही, तरी पुरावा असावा.
काम : मागच्या शेडमधली आबांची उघडी गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे. मुदत : १४ मार्च. त्या दिवशी आबांना ऐंशी पूर्ण होतात आणि त्यांचं लायसन्सही त्याच दिवशी संपतं. पुढे वाढवणार नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नको म्हटलंय आणि आबांनी चक्क ऐकलंय. म्हणजे स्वतःची गाडी स्वतः चालवायचा तो शेवटचा दिवस.
आबांना पत्ता लागू द्यायचा नाही. शेडमध्ये मी चित्रकला शिकते, असं सांगितलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, म्हणून एक चित्र काढलं.

५ ऑगस्ट
पार्ट्सचं पुस्तक सापडलं! आबांनी मांडीवर बसवून मला अक्षरं शिकवली ती याच पुस्तकावर. ए फॉर ॲक्सल, बी फॉर बॉनेट. शाळेत बाई ॲपल म्हणाल्या तेव्हा मी उभी राहून त्यांची चूक दुरुस्त केली होती. कव्हर नाही (लहानपणी मी ते खाल्लं, असं आई सांगते), पण आत प्रत्येक भागाचं चित्र आणि नंबर आहे. आता चुकायला जागाच नाही.

१९ ऑगस्ट
मिस्त्री येऊन गेले. म्हणाले, ताई, इंजिन ठणठणीत आहे, कार्ब्युरेटर साफ केला की झालं. पुढची काचही चांगली आहे. पंधरा दिवसांत गाडी बाहेर.
मला हसू आलं. पंधरा दिवसांत जे होतं त्याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत.
पुस्तक काढून पडताळलं. पान ४७, चित्र ब : काचेची चौकट वरून गोल. आपल्या गाडीची सरळ! कुणीतरी कधीतरी आबांना भलतीच चौकट बसवून दिली आणि ते बिचारे आयुष्यभर तिच्यातून बघत राहिले.
निश्चय : पुस्तकाबाहेरचा एकही भाग गाडीवर राहणार नाही.

२ सप्टेंबर
मूळ भाग आता बनत नाहीत. पण समुद्रापलीकडे एकजण जुन्या गाड्यांचे भाग हुबेहूब नव्याने घडवून देतो. ऑर्डर : चौकट एक, दाराच्या मुठी दोन. त्याने चॅसी नंबर मागितला. कळवलं, गरज नाही, माझ्याकडे पुस्तक आहे.

११ नोव्हेंबर
मुठी आल्या. बसत नाहीत. भोकं पेराएवढी इकडेतिकडे. पार्टवाल्याला चार पानी तक्रार लिहिली, सोबत पुस्तकातल्या चित्राचा फोटो. आई म्हणाली, चार पानं खरडण्यापेक्षा मागवायच्या आधी एकदा पट्टी लावली असतीस तर? आईला तांत्रिक बाजू कळत नाही.

१४ नोव्हेंबर
उत्तर आलं. मुठी तंतोतंत चित्राप्रमाणे आहेत. तपासल्या, खरंच आहेत. माणूस प्रामाणिक निघाला. चार पानी माफी लिहिली.
म्हणजे दोष दाराचा. इतक्या वर्षांत पत्रा सरकला असणार.

१६ नोव्हेंबर
मिस्त्रींना दारांत नवी भोकं पाडायला सांगितली. म्हणाले, ताई, मूठ गाडीला बसवतात, गाडी मुठीला नाही. पाडली एकदाची, पण पूर्ण वेळ तोंड वाकडं.
दारं उघडतात. बंद होत नाहीत. निम्मं काम झालं.

६ डिसेंबर
चौकटीचा पत्ता नाही. दादा शेडमध्ये डोकावून म्हणाला, काय इंजिनियरबाई, उरलेली गाडी पाकिटात घालून देणार का आबांना? दुर्लक्ष केलं. (उत्तर संध्याकाळी सुचलं. चांगलं होतं. तोवर तो गेला होता.)

९ जानेवारी, सकाळ
चौकट आली! गोल, चकचकीत. डोळ्यांत पाणी आलं.
जुनी उतरवली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि नेमका भंगारवाला दारात आला. दिली काचेसकट. तोच बावरला. म्हणाला, ताई, ही तर चांगली आहे, घरात विचारा एकदा. मी म्हटलं, मुळातच खोटी आहे ती. हलकं वाटलं.

९ जानेवारी, दुपारी ४
नवी चौकट बसत नाही. दोन बोटं रुंद.

१० जानेवारी
थंडीने गाडी आकसली असणार. उन्हात ठेवायची.

१७ जानेवारी
आठवडाभर दोन्ही उन्हात ठेवली. चौकटही तापली. फरक तेवढाच राहिला.

३ फेब्रुवारी
मिस्त्रींकडून गाडीवरचे चौकटीचे खांब कापून बाहेरच्या अंगाला पुन्हा जोडून घेतले. कापताना तीनदा म्हणाले, ताई, कापलेलं परत लांब होत नाही. चौकट बसली! म्हणजे टेकली. काचवाला गोल काच कापून देईल, पण पाच आठवडे लागतील. वेळेत आहे.
आबांनी चित्रकलेची चौकशी केली. म्हटलं, खोली दाखवणं अवघड जातंय.

१ मार्च
मिस्त्री बराच वेळ पुस्तक चाळत बसले. म्हणाले, नक्की याच गाडीचं ना? मी त्यांना चहा दिला. माणूस थकलाय.

१२ मार्च
काच आली. चौथा स्क्रू आवळताना तडकली. दोन खांब एका उंचीचे नाहीत. ही गोष्ट पुस्तकात कुठेच दिलेली नाही.

१४ मार्च, सकाळी १०
आबांना डोळे मिटायला सांगून शेडमध्ये नेलं. गाडी पुसलेली, इंजिन चालू. काच सोडून सगळं पुस्तकाप्रमाणे. आबांनी डोळे उघडले, बॉनेटवर हात ठेवला. मग माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि हसतच सुटले.
अगं, हे अजून आहे? रद्दीवाल्याकडून घेतलं होतं तुझ्यासाठी. आपल्या गाडीचं नाही हे, कुठल्या भलत्याच गाडीचं आहे. चित्रं मोठी होती आणि तुला 'ए' काही केल्या येईना.
मिस्त्री कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी शोधू लागले.
मग आबांनी विचारलं, जुनी काच कुठाय? तेवढी लावली की निघू.
सांगितलं.
आबा म्हणाले, असू दे. दारं दोरीने बांधली. आबांनी गाडी फाटकापर्यंत नेली, अगदी झोकात. फाटकाशी थांबले. पुढे काच नसताना रस्त्यावर जायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय. रिव्हर्स घेतला. असं सहा वेळा. सातव्या खेपेला पेट्रोल संपलं.

सायंकाळी ६
लायसन्स परत पाठवायला आबांनी पाकीट मागितलं. तसा नियम नाही, पण आबांचं असंच. डोळ्यांमुळे त्यांना बारीक लिहिता येत नाही, म्हणून पत्ता मी लिहिला.
आबा म्हणाले, अक्षर बाकी छान आहे हो तुझं.